वारल्यांची गोदूताई

मैत्रिणींनो, मार्च २०१८ मधले ते दिवस आठवतात का? नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा पायी पायी मुंबईकडे चालला होता. सहा दिवस, जवळजवळ एकशे ऐंशी किलोमीटर! टीव्हीवर बायकांचे पाय दाखवत होते. फुटलेल्या टाचा, सोललेले तळवे, काहींच्या पायात तर चपलाच नाहीत. डोक्यावर लाल टोप्या आणि हातात लाल झेंडे. बहुतेक सगळ्या आदिवासी. पिढ्यान् पिढ्या कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी.

आमच्या पाच-सहा जणींची दुपारची बैठक असते. नावाला भिशी, पण गप्पा जगाच्या. त्या दिवशी विषय साहजिकच मोर्चाचा निघाला. एकीनं विचारलं, या रानातल्या बायांच्या हाती हा लाल झेंडा दिला तरी कुणी? दुसरी म्हणाली, ते कम्युनिस्ट. तिसरीनं लगेच नाक मुरडलं. देवाला न मानणारे, सारखे संप करणारे लोक, असं तिच्या सासरी लहानपणापासून मुलांना सांगतात म्हणे! खरं सांगू, माझंही ज्ञान याच्या पुढं नव्हतं. बी.ए.ला इतिहास होता, पण तो परीक्षेपुरता.

मग वाचनालयातून गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आणलं. दोन दिवस गॅसवर भाजी आणि हातात पुस्तक, असंच चाललं होतं. एकदा भाजी करपलीसुद्धा! वारली आदिवासी ज्यांना मायेनं गोदूताई म्हणत, त्या या बाई. त्यांचीच गोष्ट आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याचा. माहेर गोखल्यांचं. वडील लक्ष्मणराव नावाजलेले वकील, नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले. म्हणजे घरात पैसा, पुस्तकं, प्रतिष्ठा सगळं होतं. ज्या काळात मुलीला चार-पाच इयत्ता शिकवणं म्हणजे फार झालं असं वाटे, त्या काळात ही मुलगी फर्ग्युसन कॉलेजात शिकली. पुढं कायद्याची पदवी घेतली. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. वडिलांसारखा काळा कोट चढवून सुखात राहणं त्यांना सहज जमलं असतं.

पण देशात स्वातंत्र्याची चळवळ सुरू होती. शिकलेली, विचार करणारी मुलगी घरात कशी थांबणार? त्या सत्याग्रहात उतरल्या आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेल्या. वडील मवाळ विचारांचे. सुधारणा हवी, पण कायद्याच्या चौकटीत, असं मानणारे. लेकीचं तुरुंगात जाणं त्यांना पटलं नाही. सुटून आल्यावर बापलेकीत अंतर पडलं आणि गोदावरीबाईंनी घर सोडलं. त्या मुंबईला आल्या.

आपण हे एका ओळीत वाचतो आणि पुढं जातो. पण जरा थांबून विचार करा. पंचविशीतली अविवाहित मुलगी, १९३२ साल, आणि पुण्यातलं भरलं घर सोडून एकटी मुंबईत! आजही आपल्या गावात एखादी मुलगी घरच्यांशी पटत नाही म्हणून एकटी राहायला लागली, तर चार दिवस दुसरा विषय निघत नाही.

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. ही संस्था नामदार गोखल्यांनीच १९०५ मध्ये काढलेली. देशसेवेला आयुष्य वाहून घेणाऱ्यांची संस्था. तिच्या आजीव सदस्य झालेल्या गोदावरीबाई या पहिल्या स्त्री. तिथं त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं. शिवाय १९३८-३९ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या मोलकरणींना एकत्र आणून त्यांची संघटना बांधली. आज आपल्याकडं धुणंभांडी करणाऱ्या बाईनं महिन्याला शे-पन्नास रुपये वाढवून मागितले, तर आपण लगेच दुसरी शोधायला लागतो. आणि या बाई तेव्हा मोलकरणींच्या हक्काचं बोलत होत्या!

याच कामात त्यांची ओळख शामराव परुळेकरांशी झाली. शामरावही भारत सेवक समाजातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षात त्यांनी काम केलं. कोकणातल्या खोतीच्या जाचाविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला. त्या लढ्यात शामराव होते. दोघांची मनं जुळली, विचारही जुळले. १९३९ मध्ये त्यांनी लग्न केलं. त्याच साली दोघांनी भारत सेवक समाज सोडला आणि ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

का गेले? आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. चांगली सेवेची संस्था होती, मान होता, मग हे काट्याकुट्याचं का निवडावं?

मला जे समजलं ते मी माझ्याच अनुभवातून सांगते. आमचं महिला मंडळ दर संक्रांतीला गरीब बायांना साड्या वाटतं. फोटो काढतो, पेपरला बातमी देतो. एका वर्षी साडी घेताना एका शेतमजूर बाईनं मला हळूच विचारलं, की ताई, निंदणाची मजुरी गेल्या साली ठरली तेवढीसुद्धा पुरी दिली नाही, त्याचं काही करता येईल का? मी हसून विषय टाळला. कारण मजुरी थकवणारा शेतमालक आमच्याच ओळखीतला होता. साडीच्या कार्यक्रमाला वर्गणीही त्यानंच दिली होती! त्या रात्री मला झोप लागली नाही.

गोदावरीबाईंनाही सेवा करता करता असाच प्रश्न पडला असणार. मोलकरणीला अक्षरं शिकवली, ठीक. पण तिच्या राबण्याचं मोल ठरवणार कोण? गरिबी हे काही वरून आलेलं नशीब नाही. जमीन एकाच्या ताब्यात आणि घाम दुसऱ्याचा, म्हणून गरिबी असते. तेव्हा दान देऊन भागणार नाही, कष्टकऱ्यांनी एक होऊन आपला वाटा मागितला पाहिजे. साध्या भाषेत सांगायचं तर कम्युनिस्ट होणं म्हणजे हे मानणं. हे एकदा मनाला पटलं की साडी वाटून समाधान होत नाही. गोदावरीबाईंचं झालं नाही.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. युद्धाविरुद्ध प्रचार केला म्हणून १९४० मध्ये नवराबायको दोघंही तुरुंगात गेले, ते १९४२ मध्ये सुटले. नव्या संसाराची पहिली वर्षं तुरुंगात!

इथं आमच्यातल्या एका मैत्रिणीनं एक आक्षेप घेतला, तोही सांगायला हवा. १९४२ मध्ये सारा देश चले जावच्या लढ्यात उतरला, तेव्हा कम्युनिस्ट पक्ष त्यापासून दूर राहिला. हिटलरनं १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर पक्षाची युद्धाबद्दलची भूमिकाच बदलली होती. तिच्या आजोबांनी बेचाळीसमध्ये लाठ्या खाल्लेल्या, त्यामुळं तिच्या घरात हा राग अजून आहे. तिचं चुकीचं नाही. पक्षाची ती भूमिका अनेकांना तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. पण माणूस कोणत्या पक्षात होता एवढ्यावरून त्याचं सगळं आयुष्य मोजता येत नाही. ते पुढं काय करून गेले, तेही पाहावं लागतं.

जानेवारी १९४५ मध्ये मुंबईजवळ टिटवाळ्याला किसान सभेचं प्रांतिक अधिवेशन भरलं. त्याच्या तयारीसाठी गोदावरीबाई ठाणे जिल्ह्यात गावोगाव फिरत होत्या. उंबरगाव तालुक्यातले काही वारलीही या अधिवेशनाला आले आणि तिथं वारल्यांची कहाणी सगळ्यांसमोर आली. ती ऐकून गोदावरीबाई आणि शामराव त्या रानात गेले.

काय होती ती कहाणी? आपण भिंतीवर हौसेनं वारली चित्रं काढतो. पांढऱ्या रेघांची ती नाचणारी माणसं. ती माणसं त्या काळी गुलाम होती, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं! एके काळी जमिनी त्यांच्याच होत्या. सावकार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार आले आणि कर्जाच्या कागदावर अंगठे घेत घेत जमिनी त्यांच्या घशात गेल्या. वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाला. वर वेठ होती. वेठ म्हणजे बिगार. मालकानं बोलावलं की आपलं शेत तसंच टाकून त्याच्याकडं फुकट राबायला जायचं. नाही गेलं तर मार.

आणि लग्नगडी! हा शब्द वाचून माझ्या अंगावर काटा आला. लग्नासाठी मालकाकडून शंभर-दोनशे रुपये घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायको दोघांनी त्याच्याकडं राबायचं. किती वर्षं? त्याला मोजमापच नाही. कर्ज कधी फिटतच नसे. आपल्याकडं सालदाराचं साल पाडव्याला संपतं, नवा करार होतो, पटलं नाही तर तो दुसरं घर धरतो. लग्नगड्याच्या आयुष्यात पाडवा कधी यायचाच नाही. आणि त्याच्या बायकोवरही मालक आपलाच हक्क सांगे. बायांनो, याहून जास्त मी लिहीत नाही. तुम्ही समजून घ्याल.

अशा माणसांमध्ये पुण्याच्या गोखल्यांची लेक जाऊन राहिली. तेव्हा वय सदतीस. शहरात वाढलेली बाई डोंगरातनं मैलोन् मैल पायी चालायची. त्यांच्या झोपडीत राहायची, त्यांच्या घरात असेल ते खायची. सुरुवातीला ते तिच्यावर विश्वास ठेवायलाही घाबरत. पांढरपेशी माणसं त्यांनी पाहिली होती ती सगळी लुबाडणारीच. ही बाई काही मागत नाही, आपल्यासारखीच पायी चालते आणि मारखाऊ मालकाला भीत नाही, हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मात्र तिच्यासाठी जीव टाकायला ते तयार झाले.

२३ मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसं आली. मोटार नाही, फोन नाही. एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला निरोप गेले आणि माणसं चालत आली. तिथं ठरलं ते अगदी साधं. वेठ करायची नाही. मालकाच्या खाजगी जमिनीवर रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय काम करायचं नाही. मालकानं मारलं तर निमूट सोसायचं नाही. आणि सगळ्यांनी एकीनं राहायचं. बस्स, एवढंच.

पण या एवढ्याशा ठरावानं रानात जादू झाली. पाड्यापाड्यावर लाल बावटा लागला. वेठ बंद पडू लागली. माणसं घोळक्यानं जाऊन लग्नगड्यांना मालकाच्या घरून सोडवून आणू लागली. पिढ्यान् पिढ्यांची गुलामी काही आठवड्यांत मोडायला लागली! ही काही तलवारीची लढाई नव्हती. नाही म्हणण्याची लढाई होती. आणि नाही म्हणायला किती बळ लागतं, ते आपल्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको.

मग आला गवत कापणीचा हंगाम. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाल्याशिवाय कोयता लावायचा नाही, असं वारल्यांनी ठरवलं आणि संप केला. मालकांची झोप उडाली. आणि मग घडलं ते तलवाड्याचं प्रकरण.

ऑक्टोबर १९४५. रानात कुणीतरी निरोप फिरवला, की गोदूताई तलवाड्याला येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन या. निरोप खोटा होता. ही जमीनदारांची चाल होती. वारल्यांनी मात्र खरा मानला. हजारोंच्या संख्येनं माणसं काठ्या, कोयते घेऊन जमली. कशाला? आपल्या ताईला वाचवायला. तिकडं सरकारला कळवलं गेलं, की आदिवासी हत्यारं घेऊन उठलेत. पोलिस आले. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला. तरी माणसं हटेनात. ताई येणार आहे, तिला एकटं टाकून जायचं कसं? पाच जण गेले. त्यातलं जेठ्या गांगड हे नाव आजही तिकडं आदरानं घेतात. गोदावरीबाई मात्र तिथं नव्हत्याच.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. आपल्या नावानं फिरलेल्या खोट्या निरोपावर विश्वास ठेवून माणसं गेली, हे ओझं घेऊन त्या बाईनं पुढची पन्नास वर्षं कशी काढली असतील? दुसरी कुणी असती तर खचून घरी परतली असती. या परतल्या नाहीत. सरकारनं सभांवर बंदी घातली, दोघांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. पण तोवर वारली स्वतःच शहाणे झाले होते. चिथावणीला बळी न पडता, शांतपणे त्यांनी संप चालू ठेवला. गवताचा भाव ठिकठिकाणी मालकांना मान्य करावा लागला. नेता जवळ नसताना लोक उभे राहिले, हेच त्या बाईंच्या कामाचं खरं यश नाही का?

पुढं स्वातंत्र्य आलं, पण गोदावरीबाईंचा वनवास संपला नाही. कधी भूमिगत, कधी तुरुंगात. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नावच सगळं सांगतं. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला, तेव्हा दोघं मार्क्सवादी पक्षात राहिले. ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव कैदेत असतानाच वारले. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या दोघांना शांतपणे एकत्र चहा प्यायला तरी किती दिवस मिळाले असतील, असं माझ्या मनात आलं.

बाई पुन्हा उठल्या. १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भाषा अगदी सरळ, आपल्याला सहज कळेल अशी. स्वतःचा मोठेपणा नाही, वारल्यांचा आहे. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. वय तेव्हा जवळजवळ ऐंशी! ८ ऑक्टोबर १९९६ ला त्या गेल्या. तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या फक्त दोन दिवस आधी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या १९४५ साली गोदूताई झरीला पोचल्या, त्याच साली त्याच भागात बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. त्यांनी मुलांच्या हाती पाटी दिली, हिनं आईबापांच्या हाती झेंडा. दोन्ही लागतात. पण पाटीवाल्या बाईंचं कौतुक आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, झेंड्यावालीचं नाव घेताना मात्र बिचकतो. असं का, याचा विचार मी अजून करतेय.

आज तलासरीला गोदावरीबाईंच्या नावाचं कॉलेज आहे. ज्यांच्या आजोबांनी कर्जाच्या कागदावर अंगठे दिले, त्यांची नातवंडं तिथं शिकतात. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते बायांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वसाहतीचं नाव, गोदूताई परुळेकर. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या दारावर तिचं नाव, यापेक्षा चांगलं स्मारक कोणतं असेल?

आपल्या जिल्ह्यातही सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर, जळगाव जामोदकडं आदिवासींचे पाडे आहेत. घाटावर आणि घाटाखाली सोयाबीन सोंगणाऱ्या, कपाशी वेचणाऱ्या हजारो बाया आहेत. त्यांना मजुरी किती मिळते, गड्यापेक्षा किती कमी मिळते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

आमच्या बैठकीत शेवटी सगळ्यांचं एकमत काही झालं नाही. नाक मुरडणारी मैत्रीण अजूनही कम्युनिस्टांच्या विरोधात आहे, आणि बेचाळीसचा राग असणारीचा रागही तसाच आहे. मी तरी कुठं कम्युनिस्ट झाले? घरात देवघर आहे आणि रोज दिवा लावते. पण यंदाच्या संक्रांतीला आम्ही साड्यांबरोबर एक वही ठेवली. ज्या बाईची मजुरी थकली असेल तिनं नाव आणि रक्कम सांगावी, आम्ही लिहून घेऊ आणि तिच्यासोबत मालकाकडं जाऊ, असं ठरवलं. सगळ्यात आधी वहीत कुणी नाव लिहून घेतलं, माहीत आहे? निंदणाच्या मजुरीबद्दल मला हळूच विचारणाऱ्या त्याच बाईनं.

उद्या मला तिच्यासोबत त्या ओळखीच्या दारात जायचंय. पाय जड झालेत खरे. पण जाणार आहे.